खात्री करून घेणाऱ्या विजयाकाकी

अनोळखी नंबरावरून फोन आला आणि पलीकडच्याने "दत्तात्रय साळवी आहेत का?" असं विचारलं, की विजयाकाकी शांतपणे सांगायच्या, "ते वारले." दत्तात्रय साळवी, म्हणजे आमचे दत्ताकाका, त्या वेळी समोरच पोहे खात बसलेले असायचे. त्यांचा मोबाइल काकींच्याच ताब्यात असे. कर्ज देणारे, विमा विकणारे, तुमचं कार्ड आज बंद पडणार म्हणून घाबरवणारे, सगळ्यांना हे एकच उत्तर. "मेलेल्या माणसाला कोण काय विकणार?" असा काकींचा बिनतोड सवाल होता. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. जिन्यात भेटले की ते मला सांगायचे, "आज सकाळपासून दोनदा गेलो."

मी मिरजेची. रत्नागिरीच्या एका शाळेत गणित शिकवायला आले आणि मारुती मंदिराच्या मागच्या बाजूला साळवींच्या समोरचा फ्लॅट भाड्याने घेतला. पहिल्याच दिवशी काकी दारात उभ्या. त्यांनी माझं सामान बघितलं, मला बघितलं, आणि मिरजेत कोणाच्या, कुठल्या गल्लीत, वडील काय करायचे, हे सगळं विचारून घेतलं. एकही गोष्ट स्वतःबद्दल सांगितली नाही. मला वाटलं, झालं, शेजार असा मिळाला. दुसऱ्या दिवशी त्या नारळाच्या वड्यांची ताटली घेऊन आल्या. म्हणाल्या, "मिरजेत आमच्या नात्यातलं एक माणूस आहे. फोन केला. सांगितलंस ते सगळं खरं आहे. आता खा." खरं तर मी संतापायला हवं होतं, पण वड्या उत्तम झाल्या होत्या.

काकींची सगळी नोकरी एका पतपेढीत गेली होती आणि त्यांचं काम होतं सह्या पडताळायचं. पैसे काढायला आलेला माणूस ओळखीचा असो, नात्यातला असो, आधी त्या कागदाकडे बघायच्या आणि मग माणसाकडे. निवृत्त झाल्यावर पतपेढी सुटली, पडताळणं सुटलं नाही. दारावर येणारी मासेवाली टोपली उतरवायच्या आधीच एक बांगडा उचलून त्याचे कल्ले उघडून दाखवायची, कारण काकी ते करणारच हे तिला पाठ होतं. आंब्याची पेटी ओळखीच्या बागेतून आली तरी काकी तळाचा थर आधी काढायच्या. "वरची ओळ सगळ्यांचीच चांगली असते," असं त्यांचं म्हणणं. कोणी रागावलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "माझा कोणावर अविश्वास नाही हो. मी फक्त खात्री करून घेत्ये."

या बाईंच्या संशयाच्या कक्षेतून नवराही सुटलेला नव्हता. काकांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची. काका डोळ्यांत थेंब घालायचे आणि कोणी विचारलं की "मस्त दिसतंय" म्हणायचे. काकींना ते पटत नव्हतं. चहाचा कप त्या नेहमीच्या जागेवरून हळूच डावीकडे सरकवून ठेवायच्या आणि बघत बसायच्या. काकांचा हात आधी रिकाम्या टेबलावर जायचा. मग ते सहज काहीतरी शोधत असल्यासारखं करत कपापर्यंत पोचायचे. एकदा मी समोर होते. काका आत गेल्यावर काकी मला म्हणाल्या, "डावीकडचं गेलंय. मला सांगत नाहीत. पेपर उघडून बसतात, पान उलटत नाहीत."

काकांची आयुष्यात एकच हौस राहिली होती. त्यांना बर्फाचा डोंगर बघायचा होता. समुद्र जन्मापासून बघत आलेल्या माणसाला डोंगर हवा होता, तोही पांढरा. कांचनगंगेवर पहाटेचं ऊन पडतं ते म्हणे बघण्यासारखं असतं. हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि दरवर्षी, "पुढल्या वर्षी जाऊ," असं म्हणत ते पुढे ढकललं होतं. कपाची परीक्षा झाली त्याच आठवड्यात काकी माझ्याकडे आल्या. "विमानाची तिकिटं काढ. दार्जिलिंग. ह्यांचे डोळे आहेत तोवर जाऊन येऊ."

मी गोव्यातल्या मोपाहून दार्जिलिंगच्या पायथ्याच्या बागडोगऱ्यापर्यंतची तिकिटं शोधली. त्यातली एक स्वस्त होती. काकींनी लगेच भुवई चढवली. "स्वस्त का?"

"रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून."

"म्हणजे आपण जाणार नाही याची त्यांना खात्री आहे." त्यांनी स्क्रीनकडे असं बघितलं, जणू कंपनीचा मालक आतच बसला आहे. तरीही काकांनी हट्ट धरला आणि होळीनंतरच्या आठवड्यातली तारीख ठरली.

इथे रत्नागिरीबाहेरच्या वाचकाला एक सांगायला हवं. आमच्याकडचा शिमगा होळीनंतरही बरेच दिवस चालतो, आणि त्यात ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते आणि गावातल्या घराघरांत जाते. कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, ते गाव बसून ठरवतं. साळवींचं मूळ घर रत्नागिरीजवळच्या पालीच्या अलीकडे, आत एका वाडीत. त्यांच्याकडे पालखी नेहमी सुरुवातीलाच यायची, हे इतकं ठरलेलं, की काकांनी न विचारता तारीख धरली. आणि त्या वर्षी गावाने ठरवलं की सुरुवात पलीकडच्या वाडीपासून करायची. साळवींच्या घरचा दिवस फिरून नेमका विमानाच्या दिवशी आला.

यावर मार्ग नव्हता असं नाही. शेजारच्याच घरात काकांचे चुलतभाऊ मधुभावोजी राहायचे. त्यांचा लगेच फोन आला. "वहिनी, तुम्ही बिनघोर जावा. घर मी उघडतो, ओटी आमची ही भरेल. देवीचं काय अडत नाय."

काकींनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. "एवढ्या गोडीत का बोलला हा?"

"मदत करतोय म्हणून," काका म्हणाले.

"आज आपल्या ओटीवर पालखी तो घेणार. पुढच्या वर्षी म्हणणार, गेल्या साली मीच घेतली होती. त्याच्या पुढच्या वर्षी मान त्याचा. मग बसा भांडत."

"अगो, मान घेऊन मी काय करू? मला डोंगर बघायचाय."

काकींनी काकांकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता हो म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "डोंगर कुठे जात नाही. पालखी दारातून परत गेली तर?" काका पेपर उघडून बसले आणि सहल रद्द झाली. मला काकींचा मनापासून राग आला होता. डोंगर जाणार नव्हता, पण डोळे जात होते, आणि हे आमच्या तिघांत सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं होतं.

पालखीच्या दिवशी त्यांनी मलाही गावी नेलं. ढोल वाजत पालखी अंगणात आली, खांद्यांवर नाचली, ओटीवर विसावली. काकींनी देवीची ओटी भरली. मग काका नारळ घेऊन पुढे झाले आणि त्यांनी तो हात जोडून धरला, पण पालखीपासून हातभर बाजूला, रिकाम्या कोपऱ्यापुढे. कोणी काही बोलायच्या आत मधुभावोजींनी त्यांच्या मनगटाला धरून तो हात सरळ केला आणि स्वतः मागे सरकले. मानाचा शब्दही काढला नाही. मी काकींकडे बघितलं. त्यांनी ते पाहिलं होतं. परतताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "तारीख बदलून मिळते का बघ."

पैसे परत मिळणार नव्हते, पण दोघं येत नसल्याचं उड्डाणाच्या आधीच कळवल्यामुळे दोन वाटा उघड्या राहिल्या होत्या. रक्कम कंपनीकडे ठेवायची आणि वर्षभरात त्याच नावांवर वापरायची, किंवा बदलाचे पैसे भरून दुसरी तारीख घ्यायची. पहिली वाट काकींनी ऐकताक्षणी उडवून लावली. "आपले पैसे, त्यांच्या पेटीत, आणि खर्च करायचे ते पण त्यांच्याच दुकानात? नको बाय." एप्रिल-मे आंब्याचे. गावची झाडं कंत्राटाने दिलेली असली तरी तोडणीला काकी जातीने हजर असायच्या, त्यामुळे ते महिने बाद. पुढे पाऊस. म्हणून दिवाळीनंतरची तारीख घ्यायची ठरलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "जा, पण आणखी पुढे ढकलू नका." उजव्या डोळ्याने दिसणंही आता कमी होत होतं.

त्या दुपारी काकी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. आधी कंपनीच्या पानाने माझीच परीक्षा घेतली. तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, ज्या चित्रांत सिग्नल दिसतो ती निवडा. काकींचा चेहरा उजळला. "बघ! ते पण खात्री करून घेतात." बदलाचे पैसे भरायची वेळ आली आणि ओटीपी त्यांच्या फोनवर आला. मी हात पुढे केला तर त्यांनी फोन छातीशी धरला.

"कोणालाही सांगू नका असं लिहिलंय यात."

"काकी, मीच भरतेय ना पैसे तुमच्यासाठी!"

"तू 'कोणी' नाहीस असं यात कुठे लिहिलंय?"

शेवटी मी उठून गॅलरीत गेले. त्यांनी एकेक आकडा शोधून दाबला, तोवर मुदत संपली. पुन्हा आला, पुन्हा संपला. तिसऱ्या खेपेला काका आतून ओरडले, "अगो, तिला दे तो, नाहीतर मी पायी जातो दार्जिलिंगला." काकींनी आकडे मला सांगितले, पण माझ्या कानाशी येऊन, कुजबुजत. घरात आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं. नवीन तिकिटं आली तेव्हा त्यांनी ती चष्मा पुसून पुसून वाचली आणि काकांच्या नावाचं स्पेलिंग माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं.

एवढ्यावर सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. गणपती झाले आणि कंपनीने वेळापत्रक बदललं. मधलं विमान रद्द होऊन दुसरं लागलं आणि ते चालेल का, हे विचारायला त्यांनी प्रवाशाला फोन केला. प्रवाशाचा फोन अर्थातच काकींच्या हातात होता. पलीकडून हिंदीत विचारणा झाली, "दत्तात्रय साळवीजी से बात हो सकती है?" काकी मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "वो गुजर गये."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला कौतुकाने सांगितलं, "आज पहिल्यांदा एक चांगला माणूस भेटला. बाकीचे फोन आपटतात. हा म्हणाला, मॅडम, बहुत दुख हुआ, आपको तकलीफ नहीं देंगे." मला तेव्हाच शंका आली. फसवायला बसलेला माणूस इतकं हळहळत नाही. तिकिटं माझ्याच मेलवरून काढली होती, म्हणून मी तो उघडून बघितला.

कंपनीने साळवी कुटुंबाच्या दुःखात सहभाग व्यक्त केला होता. कैलासवासी प्रवाशाचं तिकीट तूर्त थांबवलं होतं. आणि अशा प्रसंगी कंपनी न परतणाऱ्या तिकिटांचेही सगळे पैसे परत देते, तरी मृत्यूचा दाखला पाठवावा, अशी विनंती होती.

मी ते साळवींच्या हॉलमध्ये उभं राहून वाचून दाखवलं. काका हसता हसता खोकायला लागले. "अगो, एवढे महिने आपण डोकं फोडतोय, आणि एका दाखल्यावर सगळे पैसे परत! मी मरायची काय ती खोटी." काकी हसल्या नाहीत. त्यांनी मटाराचं भांडं खाली ठेवलं, देवाच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे लाल होते. "माझ्या तोंडातून गेलं ते," एवढंच म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांनी ते वाक्य दिवसाला दोनदा म्हटलं होतं, पण कोणी ते खरं मानलं नव्हतं. कोणी खरं मानून सांत्वन केल्यावर त्या घाबरल्या. त्या दिवसापासून फोन काका स्वतः घ्यायला लागले.

तिकीट चालू करून घेणं मात्र सोपं नव्हतं. तिकिटावरच्या नंबरावर मी फोन लावला आणि तो काकींच्या हातात दिला, कारण काका वारल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. पलीकडे एक मुलगी होती.

"वो जिंदा है," काकी म्हणाल्या.

"मॅडम, आपने तो कहा था कि..."

"कहा था. गलत कहा. मेरे बाजू में बैठा है. चाय पी रहा है."

काका कपावरून ओरडले, "नमस्ते! मी बोलतोय!" त्या मुलीचा विश्वास बसेना, आणि का बसावा? तिच्या जागी काकी असत्या तर त्यांचाही बसला नसता. आयुष्यभर दुसऱ्यांना घातलेला प्रश्न आता त्यांनाच विचारला जात होता. त्या विनवण्या करत होत्या. त्यांना विनवण्या करताना मी कधी पाहिलं नव्हतं. "बेटा, उनकी आँख जा रही है. उनको पहाड़ देखने का है. मेरी गलती है, उनकी नहीं." मुलगी म्हणाली, प्रवाशाने स्वतः सही केलेला अर्ज आणि ओळखपत्राची प्रत पाठवा, मी करून देते.

अर्ज मी लिहिला. काकांनी सही केली. त्यांची सही मी आधी पाहिली होती, शेवटी एक ऐटदार फराटा असायचा. ही सही रेघेवर सुरू झाली, खाली उतरत गेली आणि फराटा माझ्या लिखाणावरच चढला. काकींनी कागद हातात घेतला. ओळखपत्रावरच्या सहीशेजारी धरला. नोकरीत त्यांनी हेच केलं होतं, रोज.

"ही सही मी पास केली नसती," त्या अगदी हळू म्हणाल्या, काकांना ऐकू जाणार नाही इतकं. मग कागद माझ्याकडे दिला. "पाठव."

त्या मुलीने शब्द पाळला. काका कंपनीच्या दप्तरी पुन्हा जिवंत झाले आणि दिवाळीनंतर दोघं निघाले. गावच्या घराची किल्ली काकींनी मधुभावोजींकडे ठेवली होती. ते मला भावोजींकडूनच कळलं. त्यांनाही त्याचं आश्चर्य वाटत होतं.

परत आल्यावर काकांनी आख्ख्या बिल्डिंगला डोंगर सांगितला. आधी काळोख, मग एका टोकावर लाल ठिणगी, मग सोनं उतरत उतरत खाली येतं आणि सगळं पांढरं लखलखतं. लोक पुन्हा पुन्हा ऐकायचे. पुढल्या पावसाळ्यात काकी अचानक गेल्या. झोपेतच. आता काका चिपळूणला पुतणीकडे असतात. त्यांना अजिबात दिसत नाही. मी भेटायला जाते तेव्हा ते डोंगर सांगतात आणि मी ऐकते. काकींनी कुठल्याही फोनवाल्याला 'ते वारले' म्हणताना दाखवली नसेल इतक्या खात्रीने ते सांगतात.

काकींनी सांगितलेलं मात्र मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. दार्जिलिंगहून आल्यावर एका दुपारी आम्ही दोघी गॅलरीत सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसलो होतो. मी विचारलं, "काकी, काकांना खरंच दिसलं का हो?"

त्यांनी एक सोडा उलटापालटा करून बघितला आणि ताटात टाकला. "आभाळ एकदम स्वच्छ होतं. लोक ओरडायला लागले. सगळे उजवीकडे बघत होते. हे कठड्याला धरून डावीकडे तोंड करून उभे. तिकडे एक चहाची टपरी होती, तिच्या पत्र्यावर ऊन आलं होतं. मेला चकाकत होता. हे म्हणाले, काय गो हे! काय हे! रडत होते."

"मग तुम्ही त्यांना वळवलं नाहीत?"

"नाही."

"काहीच विचारलं नाहीत?"

काकींनी मान हलवली.

"पण मग तुम्ही तरी बघितलात ना डोंगर?"

"मी कधी बघणार?" त्या म्हणाल्या. "मी पत्रा बघत होत्ये ना, ह्यांच्याबरोबर."